सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतोय: लाइटचा घोळ, विंडोजचा, की कोणी आत शिरलंय?

सियागंज_हिशेब (इंदूर)

मंडळी, नमस्कार. सियागंजातल्या एका किराणा-मसाल्याच्या ठोक पेढीचा सर्व्हर गेल्या तीन आठवड्यांत सात वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालाय. बहुतेक वेळा दिवसा, काम चालू असताना. दोनदा मात्र पहाटे.

टॉवर सर्व्हर आहे. एक झिऑन प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी रॅम, दोन डिस्क रेड १ मध्ये, विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड. डोमेन (सगळी खाती एका सर्व्हरवरून सांभाळणारी रचना) नाही, वर्कग्रुप आहे. मशीन पोटमाळ्यावर ठेवलंय. १ केव्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस आहे, त्यावर सर्व्हर, स्विच, राउटर आणि बिलांचा लेझर प्रिंटर. बारा जण रिमोट डेस्कटॉपवर टॅली वापरतात. उज्जैन आणि देवासचे दोन विक्रीवाले बाहेरून जोडले जातात, म्हणून स्टॅटिक आयपी घेऊन राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवलेला आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१ आणि ६००८ दिसतात, दोन्ही अचानक बंद पडल्याच्या नोंदी. सिक्युरिटी लॉग तर ४६२५ नेच (फसलेल्या लॉगिनच्या नोंदींनी) भरलाय, दर मिनिटाला कितीतरी. नावं ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, स्कॅनर, टॅली अशी. पेढीवाले म्हणतात हॅक झालाय, फॉरमॅट मारा. मारू का? की आधी काही तपासायचं?

नोंदवही

फॉरमॅट आत्ता अजिबात नको. केलंत तर कारणही जाईल आणि पुरावाही. कारण विजेचं असेल तर नव्या विंडोजवर आठवड्याभरात हाच प्रकार पुन्हा दिसेल.

आधी सातही रीस्टार्टची वेगवेगळी छाननी करा. सगळ्यांचं कारण एकच असेल असं धरून चालू नका, लोक इथेच चुकतात. रीस्टार्ट तीन जातींचे असतात: कोणीतरी हुकूम दिला, विंडोज स्वतः कोसळलं, किंवा खालून वीजच गेली. सिस्टिम लॉगवर फिल्टर लावा आणि एवढेच क्रमांक टाका: ४१, १०७४, १००१, ६००५ (चालू झालं), ६००६ (नीट बंद झालं), ६००८. १०१५ मात्र ॲप्लिकेशन लॉगमध्ये शोधा. मग एकेक रीस्टार्ट घेऊन त्याच्या आधीची दहा मिनिटं वाचा.

१०७४ असेल तर हुकूम दिला गेलाय. त्यात प्रोग्रॅम, वापरकर्ता आणि कारण, तिन्ही लिहिलेलं असतं. ट्रस्टेडइन्स्टॉलर किंवा मोयूएसओकोअरवर्कर दिसलं तर ते विंडोज अपडेट. एक्सप्लोरर किंवा रनटाइमब्रोकर दिसलं आणि वापरकर्ता पेढीतलाच असला, तर त्याने रिमोट डेस्कटॉपच्या आतलं स्टार्ट बटण दाबून आपला संगणक समजून सर्व्हरच रीस्टार्ट केलाय. टॅलीच्या सर्व्हरवर हे फार होतं, कारण सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकून ठेवलेलं असतं. साध्या वापरकर्त्याला सर्व्हरवर बंद करण्याचा अधिकारच नसतो. शटडाउन डॉट ईएक्सई दिसलं तर ती कमांड आहे: कोणी हाताने टाकलेली, किंवा एखाद्या स्क्रिप्टने. प्रोग्रॅमच्या पुढे कंसात मशीनचं नाव असतं. ते तुमच्या सर्व्हरचं नसेल तर हुकूम नेटवर्कवरून आला.

१०७४ नाही आणि ४१ आहे, तर ४१ उघडून 'डिटेल्स' टॅबमध्ये बगचेककोड, म्हणजे विंडोज कशाने कोसळलं त्याचा आकडा, बघा. हा आकडा दशमानात असतो, म्हणून नेटवर शोधलं तर लोकांना सापडत नाही. २९२ म्हणजे ०एक्स१२४, प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डने दिलेली हार्डवेअर चूक. सोबत व्हीया-लॉगरचे (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्याचे) १८ किंवा ४७ क्रमांक शोधा, ४७ म्हणजे रॅममधली दुरुस्त झालेली चूक. १५९ म्हणजे ड्रायव्हर झोपेतून उठला नाही. २३९ म्हणजे विंडोजची एखादी मूळ प्रक्रिया मेली. ही तशीही मरते, पण कोणी मारली तरीही हाच आकडा येतो. अशा प्रत्येक वेळी १००१ ची नोंद आणि विंडोज फोल्डरात मेमरी डॉट डीएमपी (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) असायला हवी.

बगचेककोड शून्य असेल तर विंडोजला काही कळलंच नाही: वीज गेली, मशीन गोठलं, किंवा कोणी बटण दाबून धरलं. शेवटच्यासाठी पॉवरबटनटाइमस्टॅम्प बघा. तो शून्य नसेल तर बटण दाबलं गेलंय, मग झाडलोट करणाऱ्यांना आणि पोटमाळ्यावर माल चढवणाऱ्यांना विचारा.

१०१५ हा सुरक्षेशी जवळचा. एलसॅस ही लॉगिन सांभाळणारी प्रक्रिया कोसळली की विंडोज एका मिनिटात स्वतःला रीस्टार्ट करतं. २००४ च्या सॅसर वर्ममध्ये लोकांच्या स्क्रीनवर उलटी मोजणी दिसायची ती हीच. आज एलसॅसमधून पासवर्ड ओढणारी हत्यारं हातून चुकली की तेच होतं. पण मार्च २०२४ च्या विंडोज अपडेटनेही डोमेन कंट्रोलरवर एलसॅसची मेमरी गळून रीस्टार्ट होत होते, २०१९ साठी केबी५०३५८४९, आणि दुरुस्ती त्याच महिन्यात केबी५०३७४२५ ने आली. तुमच्याकडे डोमेन नाही, म्हणून ते कारण बाद. तरी १०१५ दिसला म्हणजे घुसखोरच, असं लगेच ठरवू नये हे यावरून ध्यानात घ्या.

अजून एक पटकन बघा: विंडोज इव्हॅल्युएशन आवृत्ती तर नाही ना? १८० दिवस संपले की ती दर तासाला बंद पडते आणि १०७४ मध्ये डब्ल्यूएलएमएस डॉट ईएक्सई असं नाव येतं. तुमच्या वेळा पाहता हे वाटत नाही, पण एसएलएमजीआर /डीएलव्ही टाकायला अर्धा मिनिट लागतो.

सांवेर_रोड_पॉवर

दादा, लेझर प्रिंटर यूपीएसवर? तो आज, आत्ता काढा.

१ केव्हीएच्या लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसची खरी ताकद ६०० वॅटच्या आसपास. टॉवर सर्व्हर साधारण १२०-१५० वॅट ओढतो, स्विच-राउटर मिळून ३०. लेझर प्रिंटर झोपेतून उठला की त्याचा फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापायला क्षणभर ८००-९०० वॅट मागतो. लाइट असेपर्यंत हे भागतं, कारण यूपीएस मेनची वीज सरळ पुढे देतो. त्याच क्षणी व्होल्टेज पडलं आणि यूपीएस बॅटरीवर गेला की ओव्हरलोड, आउटपुट शून्य. सर्व्हरच्या बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू' असं ठेवलेलं असेल तर मशीन स्वतःच पुन्हा उठतं, आणि बघणाऱ्याला ते भुताटकीसारखं दिसतं.

दुसरी गोष्ट बॅटरी. आतमध्ये १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन असतील. इंदूरच्या उन्हाळ्यात, पोटमाळ्यावर, त्या दोन-अडीच वर्षांत संपतात. नुसतं मीटर लावून १२.८ दिसलं म्हणून खूश होऊ नका, लोडवर मोजा. दुकान बंद झाल्यावर सर्व्हर नीट शटडाउन करून यूपीएसवरून काढा, २०० वॅटचे बल्ब लावा, मेनचा प्लग खेचा. प्रत्येक बॅटरी दहा मिनिटांत १०.५ च्या खाली गेली, किंवा दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी एक नवी करू नका, जुनी नवीलाही खाते.

तिसरं: बरेच चांगले यूपीएस दर १४ दिवसांनी स्वतःची चाचणी घेतात, म्हणजे काही सेकंद लोड बॅटरीवर टाकतात. बॅटरी मेलेली असेल तर लाइट असताना सर्व्हर पडतो. दोन रीस्टार्टमध्ये नेमकं १४ दिवसांचं अंतर सापडलं तर दुसरं काही शोधायलाच नको.

चौथं: मसाल्याची पेढी आहे ना? पॉवर सप्लाय उघडून बघा. हळद-मिरचीची पूड तेलकट असते, पंख्याला आणि हीटसिंकच्या पात्यांना नमद्यासारखी चिकटते. ब्लोअर बाहेर नेऊन मारा, तोंडाला रुमाल बांधून. आणि न्यूट्रल-अर्थिंग मोजा. २-३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी वायरमन बोलवा.

सयाजीगंज_लिनक्स (वडोदरा)

आमच्याकडे असंच उबंटूवर होतंय, म्हणून इथेच विचारतो. लिनक्सवर हे तीन प्रकार कसे ओळखायचे?

नोंदवही

'लास्ट -एक्स' टाका. रीबूटच्या आधी शटडाउनची ओळ असेल तर हुकूम होता. शटडाउन नाही आणि लॉगिनच्या पुढे 'क्रॅश' लिहिलंय, तर मशीन मध्येच पडलं. मग 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स', आणि 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' ने मागच्या बूटच्या शेवटच्या ओळी वाचा. जुने बूट दिसतच नसतील तर व्हार-लॉगखाली जर्नल नावाचा फोल्डर नाही, नोंदी फक्त रॅममध्ये राहतात. तो बनवून सेवा रीस्टार्ट करा. हुकूम निघाला तर आधी अनअटेंडेड-अपग्रेड्समधलं ऑटोमॅटिक-रीबूट बघा, मग ऑथ लॉगमध्ये सुडो. ओळी मध्येच तुटल्या असतील तर केडंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत ठेवणारं साधन) बसवा, नाहीतर पुढच्या वेळीही हात रिकामेच राहतील.

रात्रपाळी_नेट

३३८९ बदलून ५०,००० च्या वरचा कुठलाही पोर्ट द्या, ४६२५ बंद होतील.

दारवान

बंद होणार नाहीत, थोडे दिवस कमी होतील. इंटरनेटभर सगळे पोर्ट चाचपणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. कुठल्याही पोर्टवर रिमोट डेस्कटॉपने उत्तर दिलं की तो पत्ता यादीत चढतो. दार तेच, पाटी तेवढी बदलली. कृपया हा सल्ला कोणी घेऊ नका.

सियागंज दादा, रीस्टार्टचं कारण काहीही निघो, राउटरवरचं ते पोर्ट फॉरवर्डिंग आजच काढा. तपासाच्या निकालाची वाट बघू नका. विक्रीवाल्यांची एक-दोन दिवस गैरसोय होईल, होऊ द्या.

सियागंज_हिशेब

पोर्ट काल रात्रीच बंद केला. प्रिंटरही वेगळ्या सॉकेटवर नेला. नोंदवही ताईंनी सांगितल्याप्रमाणे सातही तपासले:

पाच वेळा ४१, बगचेककोड शून्य, पॉवरबटनटाइमस्टॅम्पही शून्य. पाचही सकाळी १०:४५ ते ११:२० दरम्यान. १४ दिवसांचं अंतर कुठेच नाही.
एकदा १०७४, पहाटे ३:०५, ट्रस्टेडइन्स्टॉलर.
एकदा १०७४, पहाटे २:४७, शटडाउन डॉट ईएक्सई, वापरकर्ता 'सपोर्ट', कंसात आपल्याच सर्व्हरचं नाव. हा वापरकर्ता आम्ही बनवलेला नाही. टॅली बसवून देणाऱ्यांनाही विचारलं, त्यांनीही नाही.

सिक्युरिटी लॉग फक्त मागच्या नऊ तासांचा आहे. त्यामुळे सपोर्ट कधी बनला ते दिसत नाही.

सांवेर_रोड_पॉवर

पाच तर माझ्या खात्यात. पावणेअकराला पेढी उघडते, पहिलं बिल निघतं, प्रिंटर तापतो, त्याच वेळी बाजारातले एसी-पंखे चालू होऊन व्होल्टेज खाली येतं. बॅटरी तपासून आकडे टाका.

दारवान

सातवा रीस्टार्ट गंभीर आहे. सपोर्टने सर्व्हर रीस्टार्ट केला याचा अर्थ त्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा किंवा निदान बॅकअप ऑपरेटरचा अधिकार आहे. म्हणजे आत येऊन गेलेले आहेत, आणि विजेच्या पाच पडझडींमुळे तो एक रीस्टार्ट झाकला गेला. आता घाई न करता, याच क्रमाने करा.

१. नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका. रॅममध्ये जे चालू आहे ते बंद केल्यावर मिळणार नाही. पेढीचं काम थांबेल, ते मालकांना स्पष्ट सांगा.

२. स्क्रीनसमोर बसून सिस्टिम, सिक्युरिटी, ॲप्लिकेशन आणि टर्मिनलसर्व्हिसेसचे दोन्ही लॉग ईव्हीटीएक्स फाइलमध्ये नव्या पेन ड्राइव्हवर काढा. सिक्युरिटी लॉग मुळात फक्त २० एमबीचा असतो. चुकीच्या पासवर्डच्या नोंदींचा असा मारा होतो की कामाच्या नोंदी काही तासांत पुसल्या जातात. मुद्दाम कोणी पुसायची गरजही पडत नाही. मुद्दाम पुसला असेल तर सिक्युरिटीत ११०२ आणि सिस्टिममध्ये १०४ सापडतो.

३. टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजरचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि त्यात फसलेले प्रयत्न येत नाहीत, म्हणून तो बराच मागे जातो. त्यातले २१ (लॉगिन झालं) आणि २५ (पुन्हा जोडलं) बघा. नाव आणि आयपी दोन्ही मिळतील. शेजारच्या रिमोटकनेक्शनमॅनेजरमधला ११४९ बघून घाबरू नका, तो नुसता जोडणी झाल्याचाही पडतो, लॉगिन यशस्वी झालंच असं त्यावरून ठरत नाही.

४. 'नेट यूजर सपोर्ट' टाका. पासवर्ड शेवटचा कधी बसवला ते कळेल. बहुतेक तीच खातं बनवल्याची तारीख. सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरात सपोर्ट नावाचा फोल्डर असेल तर त्याच्या तयार झाल्याच्या वेळेशी ती ताडून बघा. डाउनलोड्स, टेम्प आणि डेस्कटॉपवर काय ठेवलंय त्याचे फोटो घ्या. काही उघडू नका.

५. त्या तारखेपासून सिस्टिम लॉगमध्ये ७०४५ (नवी सर्व्हिस) आणि टास्क शेड्यूलरमधली नवी कामं. डिफेंडरच्या लॉगमध्ये ५००१ (संरक्षण बंद केलं) आणि ५००७ (सेटिंग बदललं). पॉवरशेलमध्ये गेट-एमपीप्रेफरन्स चालवून एक्सक्लूजनपाथ वाचा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर वगळलेला दिसला तर हत्यारं तिथेच आहेत.

६. 'बीसीडीएडिट' चालवून सेफबूटची ओळ आहे का बघा. काही खंडणीखोर टोळ्या मशीन सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करून अँटिव्हायरस नसताना फाइली कुलूपबंद करतात, स्नॅच हा त्यातला एक. पहाटे पावणेतीनच्या रीस्टार्टमागे हाच प्रयत्न असू शकतो. नवा ड्रायव्हर बसवणं किंवा एकाच वेळी अनेकांना लॉगिन देणारा जुगाड हेही असू शकतं. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोज' रिकामं आलं आणि आधी शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) चालू होत्या, तर कोणीतरी पुसल्या. सेफबूटची ओळ सापडली तर पुसेपर्यंत रीस्टार्ट करू नका.

७. यानंतर फॉरमॅट. आता तो योग्य आहे, कारण ॲडमिनिस्ट्रेटर अधिकाराने कोणी आत बसल्यावर ते मशीन साफ केलं असं खात्रीने म्हणता येत नाही. त्यातल्या त्यात शक्य असेल तर जुन्या डिस्क बाजूला ठेवून नव्या डिस्कवर बसवा. टॅलीचा फक्त डेटा फोल्डर न्या. प्रोग्रॅम नव्याने उतरवा, आणि टीडीएलच्या (टॅलीत वरून जोडलेल्या सोयींच्या) टीसीपी फाइली देणाऱ्याकडून पुन्हा मागा, जुन्या मशीनवरून उचलू नका.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदला: राउटर, बँक, जीएसटी पोर्टल, ईमेल, सगळे. या सर्व्हरवरच्या ब्राउझरमध्ये साठवलेला एकूण एक पासवर्ड गेला असं धरून चाला.

सियागंज_हिशेब

कुठे कळवावं लागतं का? मालकांना भीती आहे की चौकशी मागे लागेल.

दारवान

लागतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. हाती असेल तेवढी माहिती आधी पाठवा, बाकीची नंतर जोडा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, बँक उघडायची वाट न बघता.

नव्या मशीनवर बाहेरून यायला व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) ठेवा. राउटरमध्ये वायरगार्ड हा व्हीपीएन असेल तर तोच, ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट उघडावा लागतो आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरही देत नाही. सिक्युरिटी लॉग १ जीबी करा, १०४८५७६ केबी. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटं खातं बंद, हे धोरण लावा. पोर्ट उघडा असताना हेच लावलं असतं तर बाहेरच्यांनी चुकीचे पासवर्ड टाकून तुमचीच माणसं कुलूपबंद केली असती, म्हणून आधी व्हीपीएन, मग हे. आणि ते बारा जण ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातून बाहेर काढा. टॅलीच्या डेटा फोल्डरवर त्यांना लिहिण्याचा अधिकार दिला की पुरतं.

सियागंज_हिशेब

बॅटरीचे आकडे: २०० वॅटवर चार मिनिटांत एक ९.६, दुसरी ११.४. दोन्ही नव्या मागवल्या. 'नेट यूजर सपोर्ट'ची तारीख त्या पहाटेच्या दोन दिवस आधीची आहे. लोकलसेशनमॅनेजरमध्ये २१ ची नोंद सपोर्टच्या नावाने तीनदा, तिन्ही बाहेरच्या आयपीवरून. सेफबूटची ओळ नाही. डिफेंडरमध्ये यूजर्सखालचा पब्लिक फोल्डर वगळलेला आहे. सर्ट-इनला ईमेल गेला. नव्या डिस्क आज संध्याकाळी येतील.

अजून एक, सर्व्हरच्या बीएमसीच्या (मदरबोर्डवरच्या, विंडोजपासून वेगळ्या चालणाऱ्या देखरेख चिपच्या) लॉगमध्ये त्या पाच वेळांच्या आसपास काहीच नाही, मात्र पहाटे सव्वापाच ते सहाच्या दरम्यान 'पॉवर लॉस्ट' आहे. ते कशाचं?

नोंदवही

बीएमसीचं घड्याळ बहुधा यूटीसीवर आहे. साडेपाच तास मिळवा, सव्वापाचचे पावणेअकरा होतील. तारखा जुळतात का बघा, आणि नवं मशीन लावताना ते घड्याळ आधी नीट करा. बीएमसीचा मूळ पासवर्ड तोच ठेवलेला असेल तर तोही आजच बदला, कारण सपोर्टवाला तिथून विंडोज नसतानाही मशीन चालू-बंद करू शकतो.